टिपणीसकाकांची ड्यूटी

टिपणीसकाकांच्या दारातली पिवळी रेघ नव्या बिऱ्हाडाने घासून काढायचा बराच प्रयत्न केला. आधी रॉकेल, मग थिनर, मग कुणीतरी सांगितलं म्हणून ॲसिड. लादीचा रंग उडाला, रेघ पुसट का होईना, राहिलीच. परवा जिन्यात नव्या वहिनी मला विचारत होत्या, "ही कसली हो रेघ? वास्तूचं काही होतं का?" मी म्हटलं, "नाही हो, चपला काढायची जागा होती." यापेक्षा जास्त सांगायचं तर जिन्यात तासभर उभं राहावं लागलं असतं, आणि माझे गुडघे आता तेवढं ऐकत नाहीत. म्हणून इथे बसून सांगते.

आमची सोसायटी बदलापूर पश्चिमेला, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मागे थोडी शेतं उरली आहेत आणि त्यांच्यापलीकडे उल्हास नदी. बिल्डरने जाहिरातीत 'रिव्हर व्ह्यू' लिहिलं होतं. गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढलं तर तो खरंच दिसतो. टिपणीसकाका इथे राहायला आले ते निवृत्तीनंतर. नोकरी अणुखात्यात झालेली, आणि तिथलं काम म्हणजे किरणोत्सारी कचरा सांभाळणं. आमच्याकडे एवढं कळायला पुरेसं होतं. आठवडाभरात ते 'ॲटमवाले काका' झाले. वीज गेली की मुलं त्यांच्या खिडकीकडे बघत, काका अंधारात चमकतात का म्हणून. तळमजल्याच्या एका बाईंनी तर मला एकीकडे घेऊन विचारलं, "त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्याच पायपातून जातं ना?"

मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. त्यामुळे काकांच्या रेघेची पहिली तक्रार माझ्याकडे आली. उंबऱ्याच्या आत हातभर अंतरावर त्यांनी जाड पिवळा पट्टा ओढला होता आणि त्याला लागून एक बुटकं बाकडं टाकलं होतं. बाहेरून यायचं, बाकड्यावर बसायचं, बाहेरच्या चपला रेघेच्या अलीकडे काढायच्या, पाय उचलून पलीकडे न्यायचे आणि तिकडच्या सपाता घालायच्या. बाहेरची चप्पल रेघ ओलांडायची नाही, आतली सपाता रेघेबाहेर यायची नाही. मंत्री आला तरी हाच नियम. "इकडचं इकडे, तिकडचं तिकडे," काका सांगायचे, "एवढं जमलं की निम्मं काम झालं."

त्यांच्या बायकोला, शैलाकाकूंना, या सगळ्याचा कंटाळा येऊन येऊन आता कंटाळाही येईनासा झाला होता. त्या म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून हा माणूस कामावरून आला की आधी कोपरापर्यंत हात धुतो, मग आंघोळ करतो, मग कपडे बदलतो आणि मग विचारतो, कशी आहेस. तोवर मी कशी होते ते मीच विसरलेली असते." काका यावर हसायचे नाहीत. ते फार कमी हसायचे. उंच, वाकलेले, पांढऱ्या बुशशर्टाच्या खिशाशी हात नेण्याची सवय. तिथे नोकरीभर एक बिल्ला लावलेला असायचा, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा. बिल्ला परत केला तरी बाहेर पडताना हात खिशाशी जायचाच.

पण काकांची मला सगळ्यात जास्त आठवणारी सवय वेगळी आहे. सोसायटीच्या पंपाच्या खोलीची किल्ली आम्ही पाळीपाळीने सांभाळायचो. काकांनी पहिल्यांदा किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "दिली." मी "बरं" म्हटलं आणि दार लावायला लागले. काका हलेनात. परत म्हणाले, "दिली." मला वाटलं, यांना ऐकू कमी येतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या प्लांटमध्ये शिफ्ट बदलताना जाणारा माणूस 'दिली' म्हणायचा आणि येणारा सगळं डोळ्यांनी बघून झाल्यावर 'घेतली' म्हणायचा. समोरचा 'घेतली' म्हणेपर्यंत पहिल्याची ड्यूटी सुटत नाही. घरी आग लागलेली असली तरी उठायचं नाही. एकदा त्यांचा जोडीदार पुरात अडकला तेव्हा काका सलग तीन शिफ्टा तिथेच बसले होते. "आपण सांभाळतो ती वस्तू काहीच करत नाही, सेक्रेटरीबाई. नुसती पडून असते. म्हणूनच तिच्याकडे बघणारं माणूस लागतं. माणूस उठला की ती वस्तू काम सुरू करते."

तेव्हापासून आमच्या जिन्यात किल्ली, सिलिंडरची पावती, शेजाऱ्याचं पार्सल, गणपतीच्या आरतीचं ताट, सगळं 'दिली-घेतली' करून फिरायला लागलं. आधी चेष्टा म्हणून, मग सवयीने. खरं सांगायचं तर त्या काळात पंप एकदाही चालू राहून जळला नाही.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांनी आम्हाला वात आणला. सकाळी घंटागाडी आली की सगळे पिशव्या टाकून पळतात. काका ड्रायव्हरपाशी उभे राहून विचारायचे, "पुढे कुठे नेता?" ड्रायव्हर म्हणायचा, "डम्पिंगला, साहेब." "आणि तिथून पुढे?" ड्रायव्हरच्या आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. असं महिनाभर चाललं. शेवटी वैतागून तो म्हणाला, "बसा साहेब गाडीत, दाखवतोच तुम्हाला." त्याने गंमत केली होती. काका खरंच चढून त्याच्याशेजारी बसले आणि दुपारी परत आले ते असा वास घेऊन की शैलाकाकूंनी त्यांना रेघेच्या अलीकडेच बादलीभर पाणी दिलं. मी विचारलं, "काय पाहिलंत?" म्हणाले, "गावाबाहेर टाकतात. पण पलीकडे दुसरं गाव आहे. प्रत्येक गावाच्या बाहेर दुसरं गाव असतंच."

त्यावरून मग त्यांची ती परदेशची गोष्ट निघायची. ती आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली होती की कुठे मारी बिस्कीट चहात बुडवून ते थांबणार, हेही पाठ होतं. खात्याने त्यांना एकदाच परदेशी पाठवलं होतं, तिथलं कचऱ्याचं साठवणघर बघायला. साठवणघर एका मोठ्या नदीच्या काठावर. पलीकडचा काठ दुसऱ्या देशाचा. पाणी दोन्ही देश पितात. व्यवस्था बघून काका थक्क झाले. कोठार असं की जेवायला बसावं. रोज नदीचं पाणी बाटलीत भरून तपासायचे. काकांनी विचारलं, कुठपर्यंतचं पाणी घेता? तिथला अधिकारी म्हणाला, नदीच्या मध्यापर्यंत. पुढे हद्द संपते, पुढचं ते बघतात. रविवारी काका पुलावर फिरायला गेले. पुलाच्या मध्यावर रेघ मारलेली. पलीकडच्या काठाला त्या देशाचा एक माणूस तशीच बाटली भरत होता, आपल्या काठालगत. इथे काका बिस्कीट बुडवून थांबायचे. "मधलं पाणी कुणीच घेत नव्हतं. दोघंही प्रामाणिक होते हो. मधलं पाणी तेवढं कुणाचंच नव्हतं."

आम्ही "अरेरे" म्हणायचो आणि उठायचो. दूरच्या देशांचं आपल्याला काय.

मग आमच्या मागच्या शेतांच्या कडेला, नदीला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठावर, एका केमिकल कंपनीच्या ठेकेदाराने पत्र्याची शेड टाकली आणि तिच्यात निळी पिंपं आणून ठेवायला सुरुवात केली. कारखान्यातला उरलेला गाळ असतो, ज्याचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं, तो. काही पिंपं शेडमध्ये, काही बाहेर मातीवर. पावसाळ्यानंतर ओढ्याच्या पाण्यावर तवंग दिसायला लागला. एक दिवस नळाला फिनेलसारखा वास आला. सगळ्यांनी पाणी उकळायला सुरुवात केली. काका दारोदार जाऊन सांगत होते, "उकळून हे जात नाही. उकळून जंतू मरतात. हे जिवंत नाहीच, मरणार कसं?" लोकांना ते ऐकायचं नव्हतं. पातेली गॅसवर होतीच.

तो ओढा नदीला मिळतो त्याच्या खाली बॅरेज, म्हणजे नदीवरचा बंधारा, आणि तिथून उचललेलं पाणी बदलापूर, अंबरनाथ करत पार उल्हासनगरच्या टोकापर्यंत जातं. त्यामुळे गावच्या देवळाच्या हॉलमध्ये सभा भरली तेव्हा तिन्हीकडचे लोक आले. पुढाकार दोघांचा होता. एक बदलापूर गावातले नामदेव पाटील, त्यांची शेती ओढ्याला लागून आणि त्यांची एक म्हैस नुकतीच दगावलेली. दुसरे उल्हासनगर कॅम्प दोनचे लालवानी शेठ, कापडाचे व्यापारी. त्यांच्या नातवाच्या अंगावर पुरळ आलं होतं आणि ते पाण्यानेच आलं अशी त्यांची खात्री होती. अंबरनाथहून कारखान्यात नोकरी करणारे बरेच जण आले होते, पण ते मागे बसले आणि मागेच राहिले. कुणी कुठे नोकरी करतं हे अशा सभेत उगाच दिसायला नको.

"पिंपं हटवा," ही एकच मागणी होती. काकांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. अणुखात्यातला माणूस आपल्या बाजूने बोलला की वजन पडेल, हा हिशेब. लालवानी शेठनी स्वतः माइक हातात दिला. "साईं, तुमी मोठा सायंटिस्ट आहे. बोलो, ये जहर है के नहीं?"

काका उभे राहिले. म्हणाले, "विष आहे." टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "म्हणून मला वाटतं, पिंपं इथेच राहू द्यावीत."

काका सांगत राहिले, एकसुरी आवाजात, वर्गात सांगावं तसं. आधी खाली सिमेंटची जमीन करून घ्या, भोवती बांध घाला, वर नीट छप्पर, ओढ्याची वाट बंद. हे सगळं कंपनीकडून करून घेता येईल, कारण आज तिन्ही गावं एकत्र आहेत. आणि तिन्ही गावांतून एकेक माणूस पाळीने तिथे बसवा. रोज बघायचं, दुसऱ्याला सोपवायचं. याची विल्हेवाट लावायची खरी सोय होत नाही तोवर ते आपल्या डोळ्यांसमोर असू द्या. "हटवा म्हणाल तर ती हटवतील. पण जातील कुठे? एवढं आधी विचारा."

नामदेव पाटील उठले. त्यांचा आवाज चढला नाही. "साहेब, तुमी शिकलेली मानसं. माजी म्हस मेली. आता मी माज्या दारात इख ठेवू, न त्याला राखन पन मीच बसू? आन किती दिस?"

"पुष्कळ दिवस," काका म्हणाले. खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा मोठाच दोष होता. "आम्ही जे सांभाळत होतो त्याला तर नातवंडांची नातवंडं पुरणार नाहीत, पाटील. तरी कुणीतरी बसतंच ना."

मागून कुणीतरी ओरडलं, "कंपनीचा दलाल आहे. खाली बसवा." मग बरेच जण ओरडले. लालवानी शेठनी हळूच माइक काढून घेतला आणि काकांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना बसवलं. मी शेजारीच होते. काका बसल्यावर मला एवढंच म्हणाले, "कुठे, एवढं तरी विचारायचं होतं." मला त्यांचा राग आला होता, तेही सांगून टाकते. निदान त्या दिवशी तरी टाळ्या घेऊन खाली बसता आलं असतं की त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात कुणीतरी कचऱ्याची बादली उलटी केली होती. बरोबर रेघेवर. शैलाकाकू पहिल्यांदाच रडल्या. काकांनी हातमोजे घातले, बाकड्यावर बसून ओला कचरा वेगळा केला, सुका वेगळा केला आणि घंटागाडी आल्यावर खाली नेऊन दिला. ड्रायव्हर म्हणाला, "आज काय विचारत नाय साहेब?" काकांनी मान हलवली. त्यानंतर जिन्यात 'दिली-घेतली' बंद झालं. कुणी ठरवलं नव्हतं. पंपाची किल्ली खिळ्यावर लटकायला लागली.

आंदोलन जोरात झालं. रस्ता अडवला, निवेदनं दिली, पेपरात फोटो आले. आणि एका सकाळी खरोखरच ट्रक आले आणि पिंपं भरून न्यायला लागले. ढोल वाजला. नामदेव पाटलांना हार घातले, लालवानी शेठनी उल्हासनगरहून पेढ्यांचे खोके आणले, आमच्या गेटवर वाटले. मीही खाल्ला. आनंद झालाच होता, का नाही होणार. त्या गर्दीतून वाट काढत काका शेवटच्या ट्रकपाशी गेलेले मी पाहिले. ड्रायव्हरच्या खिडकीशी मान वर करून उभे. काय विचारत होते ते ऐकू न येताही मला कळलं. ड्रायव्हरने नुसता हात केला, नदीच्या वरच्या अंगाला. काकांनी रिक्षा थांबवली आणि ट्रकमागे गेले.

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. "वर नेलीत," म्हणाले. "वांगणीच्या बाजूला, पालिकेची हद्द संपते तिथून थोडं पुढे. काठावरच. तिथे शेडसुद्धा धड नाही." मी म्हटलं, "वर म्हणजे?" ते म्हणाले, "नदी तिकडून इकडे येते, सेक्रेटरीबाई."

मीच गेले मग नामदेव पाटलांकडे. ते दमले होते. पडवीत आडवे झाले होते आणि गळ्यातला हार खुंटीला टांगला होता. म्हणाले, "ताई, आता ती त्यांच्या हद्दीत हायेत. त्यांनी बघायला पायजे. आमी आमचं केलं." लालवानी शेठना फोन केला. ते म्हणाले, "अपना काम हो गया ना, मॅडम. अब रोज रोज दुकान बंद करून कोण येणार?" दोघांवरही मला रागावता येईना. माणूस एकदाच एवढा जोर लावू शकतो. वरच्या गावात काका स्वतः जाऊन आले. तिथले लोक म्हणाले, आम्ही नदीचं पाणी पीतच नाही, आमची बोअरवेल आहे. नळाचा वास मधे गेला, मग पुन्हा यायला लागला, आता कमी-जास्त असतो. त्याचीही सवय झाली. सोसायटीने मोठा फिल्टर बसवून घेतला.

आणि काका तिकडे जायला लागले. रोज सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि घडीचं स्टूल घेऊन शेअर रिक्षाने जायचे. ओळखीच्या पिंपांपैकी कुठलं फुगलंय, कुठलं गळतंय ते बघायचे, गळत्या पिंपाखाली माती ओढून बांध घालायचे आणि समोर बसायचे. ठेकेदाराच्या माणसांनी आधी हाकललं, मग वेडा समजून सोडून दिलं. त्यातला एकजण पुढे त्यांना चहा आणून द्यायचा म्हणे. काकांनी पालिकेला, पंचायतीला सांगून पाहिलं. दोन्हीकडे त्यांचं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्याकडे पाठवलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. मुलगा दोघांना नाशिकला घेऊन गेला आणि पावसाळ्याआधीच काका तिकडे वारले. मी पोचू शकले नाही. त्यामुळे मला शेवटचे आठवतात ते त्याआधीच्या एका रविवारी दुपारचे.

शैलाकाकू माझ्याकडे आल्या होत्या. "त्यांचा डावा हात सकाळपासून जड झालाय. तरी गेले. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." मी रिक्षा करून गेले. ऊन रणरणत होतं. काका बाभळीच्या विरळ सावलीत स्टूलवर बसले होते, पिंपांकडे तोंड आणि नदीकडे पाठ करून. डबा तसाच होता. मी म्हटलं, "काका, घरी चला. काकू घाबरल्यात."

"येतो ना," ते म्हणाले. "माणूस आला की निघतो."

"कोण माणूस येणारे?"

काकांनी रस्त्याकडे पाहिलं. मला त्यांची इतकी दया आली, आणि उन्हाने जीवही नकोसा झाला होता, की मी हात पुढे केला आणि म्हटलं, "बरं, मी आलेय. घेतली. चला आता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नवख्या माणसाला शिकवताना बघतात तसं. "उद्या याल तुम्ही इथे?"

उद्या सोमवार होता. अंबरनाथच्या पतपेढीत माझी नोकरी होती, घरी सासूबाई अंथरुणाला होत्या. मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"मग तो शब्द वापरू नका, सेक्रेटरीबाई. तुम्ही घेतली म्हणालात की मी उठणार. मग इथे कुणी नाही, आणि सगळ्यांना वाटणार, आहे कुणीतरी." डाव्या हाताने त्यांनी बाटली उचलायला पाहिली. ती उचलेना, तेव्हा उजव्या हाताने उचलून मला दिली. "पाणी प्या. घरून आणलंय, फिल्टरचं. ऊन फार आहे. तुम्ही निघा, मी संध्याकाळी येतो, तिला सांगा."

मी पाणी प्यायले आणि निघाले. रिक्षा वळणावर आली तेव्हा मागे पाहिलं. गावाकडून एक मोटारसायकल येत होती. काकांनी तिचा आवाज ऐकला असावा. त्यांनी डबा पिशवीत घातला, शर्ट सारखा केला, हात खिशापाशी नेला आणि स्टूलवरून उठून उभे राहिले. मोटारसायकल त्यांच्यासमोरून सरळ पुढे निघून गेली. धूळ बसेपर्यंत ते उभे होते. मग त्यांनी डबा पुन्हा बाहेर काढून ठेवला आणि खाली बसले.